फूल जिने लावलं तिचं



आम्ही पिंप्राळ्याहून बोलतोय, बचत गटाच्या बाया. मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आज हिशोबाला थोडी सुट्टी. आज बोलू या अंगणातल्या फुलांबद्दल. कुणी म्हणेल, बचत गटाचा आणि फुलांचा काय संबंध? ऐकता ऐकता कळेलच.

आमचं पिंप्राळा जळगावला लागूनच. आषाढी एकादशीला आमच्याकडे विठ्ठलाचा रथ निघतो, तो पाहायला तुमच्यातल्या कितीतरी जणी आल्या असतील. जळगावची महापालिका २००३ साली झाली आणि आम्ही तिच्या हद्दीत आहोत. म्हणजे कागदोपत्री आम्ही शहरातल्या. पण जुन्या वस्तीत अजून ओटे आहेत, न्हाणीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे दोन-चार झाडं आहेत. ती झाडं बहुतेक बायांनीच लावलेली. घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव असो नसो, न्हाणीमागची ती चार हात जागा तिची असते.

आखाजीच्या आधीच्या बैठकीत आमच्या एक वहिनी गप्प गप्प होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "अंगणात फरशी बसवायची ठरलीय. झाडं काढावी लागतील." दुसरी म्हणाली, "मग काय झालं? रोपवाटिकेतून नवी आणा, कुंडीत लावा." वहिनी म्हणाल्या, "नवी मिळेल हो. माझ्या दादांनी दिलेली शेवंती कुठून मिळेल?"

त्यावरून विषय निघाला. बचतीचे पैसे गोळा होईपर्यंत प्रत्येकीने सांगायचं ठरलं, आपल्या अंगणातलं आवडीचं फूल कोणतं, ते कुणी दिलं, आणि त्याची एक आठवण. आमच्या गटात १४ जणी आहेत. बैठक तासाभराची असते, त्या दिवशी दिवेलागण झाली तरी कुणी उठेना. त्यातल्या पाच फुलांच्या गोष्टी आज तुम्हाला सांगतो.

पहिली शेवंतीचीच. या वहिनींचं माहेर एरंडोलकडचं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्या माहेरी गेल्या. परत निघताना वडिलांनी तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेली पिवळी शेवंती सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि एसटी स्टँडपर्यंत पायी आणून दिली. घरात द्यायला दुसरं काही नव्हतं. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवंती मात्र आहे. केळीला जसे मुनवे येतात तसे शेवंतीलाही बुंध्याशी फुटवे येतात. जुनं झाड थकलं की फुटवे वेगळे करून लावायचे. म्हणून वहिनी म्हणतात, "हे झाड दादांनी दिलेलंच आहे, मी फक्त जागा बदलत आले."

या शेवंतीची एक गंमत आहे. मध्ये दोन वर्षं ती फुललीच नाही. झाड हिरवंगार, पण कळी नाही. घरातले म्हणाले नजर लागली, कुणी म्हणालं खत कमी पडलं. शेवटी गटातल्या एकीच्या शेतकी शिकणाऱ्या मुलीने खरं कारण सांगितलं. शेवंतीला कळी धरायला मोठी रात्र लागते. पावसाळा सरला की रात्र वाढत जाते, तेव्हा झाडाला कळतं की आता फुलायचं. वहिनींच्या दारापुढे रस्त्याचा नवा दिवा लागला होता. रात्रभर झाडावर उजेड, झाडाला रात्र झाल्याचं कळेचना! फूलशेती करणारे हीच युक्ती उलटी वापरतात. त्यांना फुलं उशिरा हवी असली की ते रात्री शेवंतीवर दिवे लावतात. वहिनींनी झाड डब्यात काढून घरामागच्या अंधारात नेलं आणि त्याच वर्षी ते पिवळंधमक झालं. तुमच्याकडे शेवंती रुसली असेल तर आधी बघा, वर दिवा आहे का.

दुसरी गोष्ट झेंडूची. आमच्या एका ताईंची आई शेतमजूर होती. दसऱ्याला दाराला बांधलेलं झेंडूचं तोरण वाळलं तरी ती टाकून देत नसे. घरातल्या खुंटीला टांगून ठेवायची. मृगाचा पाऊस पडला की ती वाळलेली फुलं चुरगाळून वाफ्यात टाकायची आणि वरून बोटभर माती. म्हणजे पुढच्या दसऱ्याचा झेंडू घरचाच. एका वर्षी दसऱ्यानंतर आई गेली. दिवस झाल्यावर ताई माहेराहून निघाल्या तेव्हा भावाने विचारलं, आईचं काय नेतेस? पातळं होती, एक पितळी तांब्या होता. ताईंनी खुंटीवरचं तोरण उतरवून पिशवीत घेतलं. तेव्हापासून दर दसऱ्याला त्यांच्या दाराला त्याच झेंडूचं तोरण असतं. आणि दर वर्षी एक तोरण खुंटीवर.

मैत्रिणींनो, झेंडूवाचून आपला दसरा होत नाही, रथाच्या माळा होत नाहीत. पण झेंडू मुळात आपल्याकडचा नाही. तो मेक्सिकोचा. त्या देशात नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत आपापल्या गेलेल्या माणसांची आठवण करतात, आपल्याकडे पितृपाटात करतात तशी. त्यांच्या आवडीचं जेवण मांडतात आणि झेंडूच्या पाकळ्या पसरून वाट करतात. त्या रंगाने आणि वासाने गेलेल्या माणसाला घर सापडतं, असा त्यांचा समज. हे बैठकीत सांगितलं तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "मग त्या बायांना माझ्या आईचं तोरण कळेल."

ज्यांच्याकडे टमाट्याचं शेत आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. टमाट्याच्या ओळींमध्ये आणि बांधाकडेने झेंडू लावला तर फळ पोखरणाऱ्या अळीचं फुलपाखरू झेंडूवर जास्त अंडी घालतं. मग झेंडूवरच्या अळ्या वेचून नष्ट करायच्या. झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतले सूत्रकृमीही कमी होतात. बी मात्र गावठी झेंडूचं धरा. बाजारच्या संकरित झेंडूचं बी धरलं तर पुढच्या वर्षी फूल तसंच येईल याचा भरवसा नसतो.

तिसरी गोष्ट गुलबक्षीची. हे फूल कुणी मुद्दाम लावत नाही, ते आपलं उगवतं. काळं, मिऱ्यासारखं बी पडतं आणि पुढच्या पावसात ताटवा तयार. आमच्या एक आक्का सांगत होत्या, "आमच्या घरी घड्याळ नव्हतं. आई शेतातून यायच्या आधी चूल पेटवून ठेवायची, ते माझं काम. आई म्हणायची, गुलबक्षी उमलली की चूल पेटव." गुलबक्षी दिवसभर मिटलेली असते, दुपार कलली, साधारण चार-पाच वाजले, की उमलते. आक्का दुसरीत होत्या. घड्याळ वाचता येत नव्हतं, फूल वाचता येत होतं.

गुलबक्षीचे दिवस म्हणजे आपल्या गुलाबाईचेही दिवस. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत संध्याकाळी पोरी घरोघर गाणी म्हणत फिरायच्या, शेवटी डबा हलवून "खाऊ ओळखा" व्हायचं. फुलं कुठली? बहुतेक गुलबक्षीची, कारण नेमकी त्याच वेळी ती ताजी असायची. तिचे देठ लांब, नळीसारखे. एकमेकांत गुंफले की दोऱ्याशिवाय वेणी होते. आमच्यातल्या अर्ध्या जणींना ती वेणी अजून येते. त्या दिवशी बैठकीत कागदाच्या पट्ट्या घेऊन सगळ्यांनी करून पाहिली. आमच्या मुलींना मात्र येत नव्हती. यंदाच्या गुलाबाईला ती शिकवायचं ठरलंय. एक सांगून ठेवतो, गुलबक्षीचं बी आणि मूळ विषारी असतं. लहान पोरं मिरं समजून तोंडात घालतील, लक्ष असू द्या.

चौथी गोष्ट सदाफुलीची. सदाफुलीला कुणी भाव देत नाही. फुटक्या माठात उगवते, भिंतीच्या फटीत उगवते, आपल्या वैशाखात पारा ४५ च्या वर गेला तरी ती फुललेली. आमच्या एका ताईंच्या मुलाला सातव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला. मुंबईला उपचार चालले होते. शिरेतून जाणाऱ्या एका औषधाचं नाव तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, व्हिनक्रिस्टिन. आणि म्हणाल्या, "हे कशापासून काढतात माहीत आहे का? तुमच्या अंगणातल्या सदाफुलीपासून." ताईंना वाटलं आपल्याला धीर यावा म्हणून सांगतायत. पण ते खरं होतं.

त्याची हकिगत अशी. सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची, पण जगभर पसरली. जमैका नावाच्या दुसऱ्या एका बेटावर लोक मधुमेहावर तिच्या पाल्याचा काढा घेत. ते खरं की खोटं, हे १९५० च्या दशकात कॅनडातले शास्त्रज्ञ तपासत होते. साखरेवर म्हणावा तसा गुण दिसेना, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होताना दिसल्या. रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात. त्या धाग्यावरून पुढे शोध लागत गेले आणि सदाफुलीतून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही दोन औषधं मिळाली. ताईंचा मुलगा आता अकरावीत आहे. त्यांच्या गच्चीवर नुसत्या सदाफुल्या आहेत, पांढऱ्या आणि गुलाबी. दुसरं कोणतंही झाड त्या लावत नाहीत.

पण ऐका. सदाफुलीचा पाला उकळून पिऊ नका, कुणाला देऊही नका. झाडात औषधाचा अंश अगदी थोडा असतो आणि बाकीचे घटक विषारी असतात. कारखान्यात ते शुद्ध करून, मोजून घेतात, तेव्हा त्याचं औषध होतं. साखर असो की गाठ, आधी दवाखाना. सदाफुली अंगणात शोभेला राहू द्या.

पाचवं फूल मोगरा. त्याची गोष्ट सांगायची म्हणूनच खरं तर आज आम्ही इथे आलो.

आमच्या गटात एक मावशी आहेत. त्यांच्या न्हाणीमागे मोगऱ्याचा मोठा वेल आहे. आखाजीला सासरहून लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, तेव्हा मोगरा भरात असतो. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक माहेरवाशिणीला मावशींचा गजरा मिळतो. उन्हाळ्यात बैठक असली की मावशी संध्याकाळच्या कळ्या खुडून, ओल्या फडक्यात गुंडाळून गजरे घेऊन येतात. १४ जणींच्या गटात १३ गजरे. मावशींचे यजमान ११ वर्षांपूर्वी गेले.

त्या दिवशी मावशींची पाळी आली. त्या म्हणाल्या, "मले काय इचारता वं. माह्यं आता काय फूल?"

कुणालाच काही बोलता येईना. मावशींसोबत त्यांच्या सासूबाई येऊन बसतात, ऐंशीच्या घरातल्या. त्या गटात नाहीत, आपल्या भिंतीला टेकून ऐकत असतात. त्याही चाळीस वर्षांपासून एकट्या. त्या भिंतीकडून म्हणाल्या, "झाड कोनं लावलं पोरी?"

मावशी म्हणाल्या, "म्या लावलं आत्याबाई."

"पानी कोनं घातलं?"

"म्याच."

"मंग फूल कोनाचं वं?"

मावशींनी मान खाली घातली. मग हळूहळू सांगायला लागल्या. मोगऱ्याची काडी त्यांना त्यांच्या आईने दिली होती, लग्नाच्याही आधी. आई म्हणाली होती, सासरी गेलीस की आधी हे लाव, जागा ओळखीची वाटेल. म्हणजे मोगरा आईचा, मेहनत मावशींची. नवरा त्यांच्या आयुष्यात आला त्याच्या आधीपासून फूल होतं. मग तो गेल्यावर ते का जावं?

पुढच्या बैठकीला मावशी आल्या तेव्हा फडक्यात १५ गजरे होते. १३ आमचे, एक त्यांचा, एक आत्याबाईंचा. मावशींनी आपला अंबाड्यात माळला. आत्याबाईंनी माळला नाही, हातात घेऊन वास घेत बसल्या. कुणी आग्रह केला नाही. माळायचं, हातात धरायचं, की देवाला वाहायचं, हे जिचं तिने ठरवावं. तिला नको म्हणायचा हक्क मात्र दुसऱ्या कुणालाही नाही.

गावात कुजबुज झाली. होणारच. पण मैत्रिणींनो, ही वाट काही आम्हीच पहिल्यांदा चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या गावच्या ग्रामसभेत हा विषय आलाय का? नसेल तर गटातून अर्ज द्या, विषयपत्रिकेवर घ्यायला लावा.

त्याही मागे जाऊ. फुले हे आडनावच मुळी फुलांवरून पडलं. जोतीरावांच्या घराण्याचा फुलांचा व्यवसाय होता. सावित्रीबाईंचा काव्यफुले हा संग्रह १८५४ साली निघाला, त्यात जाईवर आणि पिवळ्या चाफ्यावर कविता आहेत. याच सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी आसरा उभा केला. फुलांवर कविता लिहिणारी बाई आणि विधवांच्या पाठीशी उभी राहणारी बाई एकच होती, हे आपण लक्षात ठेवू या.

आता गटाने काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल.

एक, आम्ही फुलांची वही काढली. बचतीच्या रजिस्टरसारखीच, रेघा आखून. झाडाचं नाव, कुणाच्या घरी आहे, कुणाकडून आलं, कोणत्या महिन्यात फुलतं आणि दोन ओळींची आठवण. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या तोंडून ऐकून आम्ही लिहितो. फुलराणी लिहिणारे बालकवी ठोंबरे आपल्याच जिल्ह्यातले, धरणगावचे. त्यांची कविता आपण शाळेत शिकलो. पण आपल्या आया-आज्यांच्या फुलांच्या गोष्टी कुठल्या पुस्तकात नाहीत. त्या आपणच लिहून ठेवायच्या.

दोन, एक झाड एकाच घरी ठेवायचं नाही. अंगणात फरशी येते, रस्ता रुंद होतो, घर पडतं, झाड जातं. म्हणून वहिनींच्या शेवंतीचे फुटवे आता चार घरी आहेत. तिला आम्ही सगळ्या "दादांची शेवंती" म्हणतो. मावशींच्या मोगऱ्याच्या काड्या पावसाळ्यात वाटल्या. पेन्सिलीएवढी जाड, चार डोळ्यांची काडी घ्या, खालचे दोन डोळे मातीत जाऊ द्या, सावलीत ठेवा. थंडीत पाणी तोडून छाटणी करा, मग शेणखत आणि पाणी द्या, उन्हाळ्यात कळ्याच कळ्या. न्हाणीचं पाणी चालतं, फक्त साबणाचं नको.

तीन, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं नाव आम्ही "तिळगूळ भेट" केलंय. सगळ्या जणींना बोलावणं, सगळ्यांना तिळगूळ, सगळ्यांना फूल. पहिल्या वर्षी दोन घरच्या सुना आल्या नाहीत, घरून जाऊ दिलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यातली एक आली, सासूला घेऊन.

तर मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत हा प्रश्न विचारून बघा. तुझं आवडीचं फूल कोणतं, आणि ते कुणी दिलं? जी बाई कर्जाच्या चर्चेत कधी तोंड उघडत नाही ती या प्रश्नाला बोलते, हा आमचा अनुभव आहे. आणि गटात "माझं आता काय फूल" असं म्हणणारी कुणी असेल, तर आमच्या आत्याबाईंचे तीन प्रश्न तिला विचारा.

मृगाला आता फार दिवस राहिले नाहीत. झेंडूचं बी आणि मोगऱ्याच्या काड्या कुणाला हव्या असतील तर पिंप्राळ्याला या. येताना तुमच्याकडचं एखादं रोप आणा. वहीत तुमचं नाव लिहू.

रामराम.